शाळेमागचा व्हॉल्व्ह

माझ्या नवऱ्यानं चार वर्षं एका गावाला पाणी पाजलं. गावात एकशे बारा माणसं, एक शाळा, टेकडीवर एक टाकी आणि जमिनीखाली पाइपांचं जाळं. हे सगळं आमच्या तिसऱ्या खोलीत, कॉम्प्युटरच्या आत. त्या पाण्यानं कुणाचं बोटसुद्धा ओलं झालं नाही, पण आमच्या संसाराची चार वर्षं त्यात वाहून गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं गोड बोलून फसवलं.

त्याआधी तो एका कंपनीत हॉस्पिटलांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बघायचा. पगार बरा होता, साहेबही काही राक्षस नव्हता. पण संध्याकाळी घरी आला की दाराजवळच्या बाकावर बसायचा, एक बूट काढायचा, आणि दुसरा पायातच ठेवून वीस-वीस मिनिटं भिंतीकडे बघत राहायचा. मी विचारायचे, "काय झालं?" तो म्हणायचा, "कुठं काय." पोट दुखायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. दोन वर्षं मी तो एक बूट बघितला. एखादा माणूस डोळ्यांदेखत विझत जातो ना, तसं चाललं होतं. त्यामुळे तो जेव्हा म्हणाला, "नोकरी सोडून स्वतःचा गेम बनवू का?" तेव्हा "सोड" म्हणणारी पहिली मीच. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम होतं. दोघांचं भागलं असतं.

सासूबाई म्हणाल्या, "गेम? म्हणजे खेळ? अरे, या वयात?" मोठे दीर म्हणाले, "या वयात लोक खेळ सोडतात." मी दोघांनाही सुनावलं. तेव्हा माझ्या अंगात फार जोर होता.

तर गेम असा. तुम्ही गावातले व्हॉल्व्हमन. हातात लोखंडी चावी. सकाळी उठायचं, गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे, आणि टाकीतलं पाणी सगळ्यांना पुरवायचं. एका गल्लीला जास्त दिलं की दुसरी कोरडी. आणि गावातली माणसं सगळं लक्षात ठेवतात. कुणाला पाणी आलं नाही, किती दिवस आलं नाही, तुम्ही तेव्हा काय बोललात. मला विचाराल तर कल्पना झकास होती. अजूनही झकासच आहे, त्यात मी पाणी घालणार नाही.

पण हा माणूस गेम बनवत नव्हता. हा यंत्रणा बनवत होता. पाण्याची यंत्रणा, रागाची यंत्रणा, अफवांची यंत्रणा. जेवताना दुसरा विषय नाही. पाण्याची यंत्रणा त्यानं तीनदा लिहिली. पहिल्या वेळी खऱ्या पाइपांचं खरं गणित घातलं, तर कॉम्प्युटरचा पंखा असा किंचाळायला लागला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, तुम्ही गिरणी टाकली का म्हणून. दुसऱ्या वेळी अधिक-उणे कुठंतरी उलटं पडलं आणि पाणी गल्लीतून निघून टेकडी चढून टाकीत जायला लागलं. तिसऱ्या वेळी त्याला कळलं की खेळणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात, नळाला पाणी आलं का आणि किती वेळ आलं. बाकीचं गणित कुणी बघत नाही. हे कळायला अकरा महिने लागले. "मोठा धडा शिकलो," असं म्हणून तो दुप्पट जेवला त्या दिवशी.

रागाच्या यंत्रणेची तर गंमतच. प्रत्येक माणसाच्या मनात बाकी सगळ्यांबद्दल एक आकडा. आकडा खाली गेला की अबोला. एके दिवशी गावातली एक म्हातारी कुणाशीच बोलेना, दारही उघडेना. दोन दिवस शोधलं तेव्हा कळलं, "सगळ्यांबद्दल" म्हणताना यानं तिला स्वतःलाही त्यात धरलं होतं. बाईनं स्वतःशीच अबोला धरलेला! आम्ही दोघं पोट धरून हसलो. आणि अफवा? सकाळी एका तोंडून निघालेली गोष्ट तासाभरात एकशे बाराच्या एकशे बारा माणसांना कळायची आणि सगळा गाव तुमच्यावर उलटायचा. मग त्यानं माणसं थोडी विसराळू केली. मी म्हटलं, "आमच्या सोसायटीतही लाव ही यंत्रणा." असे दिवस होते ते. वाईट नव्हते. त्या काळात तो घरी कसा आला हा प्रश्नच नव्हता, तो घरातच होता, आणि त्याचं पोट दुखायचं थांबलं होतं. माझ्या लेखी गेम म्हणजे तेवढंच. तो चालला की माझा माणूस टिकला. नाही चालला, तर पुन्हा तो बाक.

आता माझ्या कामाबद्दल. गेम बनवणाऱ्यांत एक रीत असते. बनवणाऱ्यानं दुसऱ्या कुणाला तरी खेळायला बसवायचं, आपण मागं बसायचं, आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. तो कुठं अडकतो, कुठं कंटाळतो, नुसतं बघायचं. कारण उद्या गेम विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही मागं उभे राहून सांगायला जाणार नाही ना. हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि ते त्याला मनापासून पटलं होतं. खेळायला बसवायची ती मी. दर रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर. मी स्टुलावर, तो मागं त्याच्या खुर्चीवर. शेवटी मी एक छापील कागद भरायचा. त्यातला मुख्य प्रश्न, "कुठे अडकलात?"

पहिल्या रविवारी मी खरं लिहिलं. "शाळेमागचा व्हॉल्व्ह. काय करायचं ते कळलंच नाही. पन्नास मिनिटं. अर्धा गाव तहानलेला." तो व्हॉल्व्ह असा होता की पूर्ण उघडला तर दाबानं पुढचा पाइप फुटायचा, बंद ठेवला तर खालची आळी कोरडी. अर्धाच उघडायचा होता. पण अर्धा उघडता येतो हे मला कोण सांगणार? बाकीचे सगळे व्हॉल्व्ह एक तर उघडे नाही तर बंद.

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. रागानं नव्हे हो, तो रागावत नाही. ताटाकडे बघत जेवला आणि उठून खोलीत गेला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अरे, तिथे एक पाटी लाव ना. 'अर्धाच उघडा.' संपलं." माझ्याकडे त्यानं असं बघितलं, जसं काही मी त्याच्या गावाला आग लावायला सांगितलं.

"पाटी लावायची म्हणजे माझा गेम स्वतःहून काही सांगू शकत नाही असं कबूल करायचं," तो म्हणाला. "खेळणारा काही दूधपितं बाळ नाहीये. त्याला कळलं पाहिजे."

मग खेळणाऱ्याला कळावं म्हणून त्यानं नवी यंत्रणा बनवायला घेतली. शाळेतल्या मुलांची. दाब वाढला की मुलं व्हॉल्व्हपासून लांब पळणार, दाब बरोबर असला की जवळ येऊन खेळणार. चतुर माणूस ती मुलं बघेल आणि ओळखेल. चार महिने! एका पाटीऐवजी चार महिने. मुलांच्या सावल्या नीट पडाव्यात म्हणून त्यातला एक महिना.

तोवर रविवार बंदच होते; चार महिन्यांनी मी पुन्हा स्टुलावर बसले. शाळेमागं गेले. मुलं पळत होती. मुलं पळतातच, त्यात काय बघायचं? मी चावी लावली आणि व्हॉल्व्ह फिरवायला लागले. फिरवत गेले. आणि मागं त्याची खुर्ची करकरली.

ती खुर्ची त्यानं जुनी विकत घेतलेली, पाठीची स्प्रिंग गेलेली. तो जरा पुढं झुकला की करकरायची. नऊ वर्षांच्या संसारात मला त्याच्या श्वासावरून कळतं की भाजीत मीठ कमी पडलंय. मी हात थांबवला. व्हॉल्व्ह तेव्हा बरोबर अर्धा उघडला होता. खालच्या आळीत पाणी आलं, गाणं वाजलं, बायका घागरी घेऊन बाहेर पडल्या.

तो उडालाच. "कळलं ना? मुलं बघून कळलं ना तुला?"

त्याचा चेहरा काय सांगू तुम्हाला. लग्नाच्या दिवशीही इतका खुलला नव्हता. मी म्हटलं, "हो. मुलं बघूनच कळलं."

झालं. तिथून पुढं अडीच वर्षं मी गेम खेळलेच नाही. मी माझा नवरा खेळत होते. चुकीच्या गल्लीत वळले की तो पेनाचं बटण दाबायचा, टिक-टिक. बरोबर चालले की श्वास सुटायचा. एखाद्याशी बोलायचं राहून गेलं की चपलेनं फरशी घासायचा. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. नियम त्यानं काटेकोर पाळला, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. आणि मी कागदावर दर रविवारी लिहायचे, "कुठेच अडकले नाही."

मला हे कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. मी दुकानात लोकांचे डोळे तपासते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. काही माणसं तिसऱ्यांदा येतात तोवर त्यांचा तक्ता पाठ झालेला असतो. विशेषतः ज्यांना गाडीच्या लायसन्ससाठी कागद हवा असतो ते. धडाधड शेवटची ओळ म्हणून दाखवतात. मी मग तक्ता उलटा करते, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं आहेत. मग साहेबांना वरून दुसरी ओळ दिसत नाही. मी त्यांना फैलावर घेते, "काका, मला फसवून काय मिळणार? रस्त्यावर समोरची बस दिसायला हवी ना?" हे मी सोमवारी म्हणायचे आणि रविवारी स्वतः तेच करायचे. लाज वाटायची का? वाटायची. पण प्रत्येक खरी ओळ म्हणजे चार महिने, हा हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. मला तो गेम संपायला हवा होता.

परक्या माणसांना बसवलं नाही असं नाही. दीर दहा मिनिटं बसले, मग त्यांचा फोन आला. जुन्या ऑफिसातला एक मित्र आला, त्यानं "भारी आहे रे" म्हणत पाठ थोपटली आणि उठला. त्यावर हा मला म्हणाला, "हे लोक तोंडदेखलं बोलतात. तुझं बरं आहे, तू खरं सांगतेस." मी तेव्हा कपडे वाळत घालत होते. चिमटा लावायच्या ऐवजी माझ्याच बोटाला लावला.

चार वर्षांनी गेम बाहेर आला. इंटरनेटवरच्या दुकानात, जगभरच्या लोकांसाठी. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांनी घेतला. चित्रं छान होती, गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या दिवसापासून लोक लिहायला लागले. "तासाभरात गाव तहानेनं मेलं. काय करायचं ते कळलंच नाही." "पाइप फुटतो. बिघडलेला गेम आहे का हा?" "पैसे परत घेतले." एकाखाली एक, तेच.

तो म्हणाला, "पण टेस्टमध्ये तर एकदाही कुणी अडकलं नाही!" आणि कपाटातून माझ्या कागदांचा गठ्ठा काढून बघत बसला. शंभराच्या वर कागद होते. मी स्वयंपाकघरात होते, तिथेच राहिले. तो प्रत्येकाला उत्तर लिहायचा, "कृपया शाळेतल्या मुलांकडे नीट लक्ष द्या." लोक आणखी चिडायचे.

दहाव्या दिवशी कुणा अनोळखी मुलीचा व्हिडिओ आला. कुठल्या तरी देशातली, कानाला हेडफोन, गेम खेळताना स्वतःचं चित्रण करून लोकांना दाखवणारी. यानं मला हाक मारली. मी हात पुसत दारात उभी राहिले. मुलगी गोड होती, मनापासून खेळत होती. शाळेमागं गेली. मुलं बघून म्हणाली, "किती छान पळतायत." आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाइप फुटला. तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा पूर्ण उघडला. इकडे हा खुर्चीत पुढं झुकून "अगं थांब, थांब ना" म्हणत होता, पेन टिकटिकवत होता, खुर्ची नुसती कण्हत होती. तिला काय ऐकू जाणार? तिसऱ्यांदा पाइप फुटल्यावर ती हसली, म्हणाली, "माफ करा, मला काही हे जमत नाही," आणि दुसऱ्या गेमकडे वळली.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोलले. आणखी नऊ दिवस नाही बोलले. भित्री आहे मी, दुसरं काय.

एकोणिसाव्या दिवशी तो दुपारी खोलीतून बाहेर आला. दाढी वाढलेली, पण डोळ्यांत तीच जुनी चमक. म्हणाला, "सापडलं! एक म्हातारा व्हॉल्व्हमन घालतो. निवृत्त झालेला. तो आडून आडून सल्ला देईल, प्रत्येकाला त्याच्या चुकीप्रमाणे वेगळा. नवी यंत्रणा लागेल. तीन-चार महिने."

मी म्हटलं, "पाटी लाव."

"तुला तर कळलं होतं ना मुलं बघून?"

"नाही कळलं," मी म्हटलं. "कधीच कळलं नाही. तुझी खुर्ची वाजते."

मग सगळं सांगितलं. पेन, श्वास, चप्पल, सगळं. तो ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "बस." मला स्टुलावर बसवलं, स्वतः खोलीबाहेर गेला आणि दार लावून घेतलं. शंभरहून जास्त वेळा खेळलेला गेम. शाळेमागचा व्हॉल्व्ह तेवढा पाठ होता. त्याच्या पुढच्या आळीत मी अडकले ती अडकलेच. कुठल्या घरी जायचं, कुणाशी आधी बोलायचं, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तासाभरानं गाव मेलं. मी दार उघडलं. तो बाहेर उभाच होता, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला जे कळायचं ते कळलं.

त्याच दुपारी त्यानं पाटी लावली. "अर्धाच उघडा." आणखी तीन ठिकाणी अशाच पाट्या. अकरा मिनिटं लागली सगळ्याला. मी घड्याळ बघितलं होतं.

पण एव्हाना त्या दुकानात याचा गेम शोधूनही सापडत नव्हता. तिथं नव्या गेमला पहिले काही दिवस पुढं मांडतात, लोकांनी नाकं मुरडली की मागं ढकलतात, आणि रोज नवे गेम येतातच. पाट्या लावल्यानंतर आठवड्याभरात चार जणांनी घेतला. त्या चौघांनीही चांगलं लिहिलं, हे आणखी वाईट. तो मला एवढंच म्हणाला, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर..." वाक्य पुरं केलं नाही. मीही माझं सुरू केलं नाही. माझ्याकडेही एक वाक्य होतं, पहिल्या कागदापासूनचं, पण हरलेल्या माणसाशी कोण भांडतं?

तो नोकरीला लागला. या वेळी पार्किंगच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर. आणि जे नको होतं तेच झालं. संध्याकाळी बाक, भिंत, एक पाय बुटात. पोटाच्या गोळ्या पुन्हा सुरू. मी मनाशी म्हणायचे, बाई, हा माणूस तूच घालवलास. मग स्वतःलाच उलट म्हणायचे, मी एकटीनंच का? दोन्ही खरं वाटायचं आणि दोन्हींनी झोप यायची नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून काय काय चुकलं ते लिहून काढलं आणि इंटरनेटवर टाकलं. का कुणास ठाऊक, लोकांना ते फार आवडलं. गेमपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी वाचलं. गेम बनवणाऱ्यांच्या एका मेळाव्यातून फोन आला, "येऊन बोलाल का?" त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी तो घरात शीळ घालत फिरला. शर्टाला स्वतः इस्त्री केली. मला म्हणाला, "तू पण चल. तुझ्याशिवाय हे भाषण पुरं नाही."

खोटं कशाला बोलू, मी हरखले. चांगली साडी नेसले.

एका कॉलेजचं सभागृह होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे, साठ-सत्तर जण, बहुतेक पंचविशीतले. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. तो बोलायला उभा राहिला आणि मी बघतच राहिले. काय बोलतो हा माणूस! टेकडी चढणारं पाणी सांगितलं, हशा. स्वतःशी अबोला धरलेली म्हातारी सांगितली, टाळ्या. साधं ठेवा, आधी गेम बनवा मग यंत्रणा बनवा, पोरं वह्यांत उतरवून घेत होती. त्याचा चेहरा उजळला होता, आवाज खणखणीत.

मग पडद्यावर एक कागद आला. हे एवढं मोठं अक्षर. माझं अक्षर. "कुठेच अडकले नाही." खाली लिहिलेलं, "टेस्टर : बायको."

"हे असे शंभराहून जास्त कागद आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "अडीच वर्षं माझी टेस्टर माझ्याशी खोटं बोलत होती." आणि मग तोंडानं खुर्चीची करकर काढून दाखवली, पेन टिकटिकवून दाखवलं, मी कशी हात थांबवायचे त्याची नक्कल केली. सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. "म्हणून मित्रांनो, शेवटचा धडा. ज्याचं तुमच्यावर प्रेम आहे, त्याला विचारू नका. तो माणूस कधी खरं सांगणार नाही."

माझ्या शेजारच्या मुलीनं ते वाक्य लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. मला म्हणाली, "किती खरंय ना? तुम्ही पण गेम बनवता?" मी म्हटलं, "नाही, मी चष्म्याच्या दुकानात असते."

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या, जरा वयानं मोठ्या, बहुधा तिथल्याच प्राध्यापिका. म्हणाल्या, "त्या खोटं का बोलल्या, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का?"

मी खुर्चीत ताठ झाले. एवढ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं त्यानं. मला वाटलं, आता म्हणेल, नाही विचारलं. आता बघेल माझ्याकडे. विचारलं असतं तर त्या सत्तर जणांसमोर उठून सांगितलं असतं मी, की बाबा, एकदा खरं लिहिलं होतं, आणि त्याचं तू काय केलंस ते आठव.

"अहो, प्रेम!" तो हसून म्हणाला. "दुसरं काय असणार?"

सगळे हसले. त्या बाईही हसल्या आणि बसल्या. पुढचा प्रश्न कुठला कॉम्प्युटर वापरता असा होता.

परत येताना आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत निघालो. दुपारचं ऊन होतं. तो माझ्या दोन पावलं पुढं, भराभर बोलत होता. तिघांनी फोन नंबर घेतले, आणखी एका ठिकाणी बोलावलंय, एकानं तर विचारलं पुढचा गेम कधी म्हणून. किती दिवसांनी त्याला भूक लागली होती. मध्येच तो थांबला, वळला, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "कसं झालं? खरं सांग हं, अगदी खरं."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"फार छान झालं," मी म्हटलं. "एक शब्दही बदलू नकोस."